खालच्या वावरावर पाणी

आई,

तुझं एक वाक्य माझ्याकडे राहून गेलंय. परत करावं म्हटलं तर तू नाहीस, आणि ठेवून घ्यावं तर त्याचा अर्थ लागत नाही. इतकी वर्षं ते पदराच्या गाठीला बांधून फिरले, काही अडलं नाही. मागच्या उन्हाळ्यापासून मात्र सगळं त्याच वाक्यापाशी येऊन अडायला लागलं, म्हणून आज लिहायला बसले.

दुपार आहे. तू चुलीपुढे बसलेली आहेस. घरात गॅस आला होता, पण भाकरी चुलीवरचीच, हा तुझा हट्ट. मी बाळंतपणाला आलेली, खाली बसता येत नाही म्हणून उंबऱ्याशी स्टूल घेऊन टेकलेली. तुला ताप होता आणि तो तू नेहमीसारखा अंगावर काढत होतीस. तव्यावरची भाकरी उलटलीस, हाताचं पीठ परातीत झटकलंस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "खालच्या वावरावर पाणी सोडलंय मी." एवढंच. मी म्हटलं, बरं. तेवढ्यात लाइट गेली आणि तू तिलाच चार शिव्या घातल्यास, मग आपण वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडलंय यावर बोलत बसलो.

मला वाटलं, मोटर चालू राहिली असेल आणि लाइट परत आली की पाणी कुठल्या कुठे जाईल. धाकटा भाऊ कांद्याचा टेम्पो घेऊन पिंपळगावला गेलेला, तू तर जेवल्यावर आडवीच झालीस. म्हणून पोट सावरत मीच खाली गेले. मोटरचं बटण बंद होतं. पाट ओला होता, त्यातली माती अजून पायाला चिकटत होती, पण वाफे पार कोरडे. कांद्याची पात माना टाकून पडलेली, जमिनीला भेगा. म्हणजे पाणी आलं होतं आणि वाफ्यात गेलंच नव्हतं. मी बांधावर उभी राहून बराच वेळ बघत राहिले. तापात हिला भ्रम झाला असेल, असं मनाशी ठरवलं आणि परत आले. तू झोपली होतीस. संध्याकाळी ताप चढला, आपण तुला नाशिकला हलवलं, आणि त्याच आठवड्यात तू गेलीस. विचारायचं राहिलं ते राहिलंच. पोटातली ती मुलगी आता कॉलेजात जाते, तुझ्यासारखीच चहा बशीत ओतून पिते, बघितलं नाही कधी तुला तरी.

शब्द म्हणशील तर दोनच. पण आपली भाषाही अशी चमत्कारिक, की वावराला पाणी देतात त्यालाही पाणी सोडणंच म्हणतात आणि एखाद्या गोष्टीवरचा हक्क कायमचा सोडून देतात त्यालाही पाणी सोडणंच. तू नक्की कुठलं सोडलंस?

तुला ठाऊक नाही, तुझी लेक पुढे पाण्याच्याच कामाला लागली. नाशिकला एका प्रकल्पाच्या ऑफिसात बसते, आणि बसते म्हणजे कसली, महिन्यातले बरेच दिवस गाडीत असते. वणीच्या बाजूला जा, सुरगाण्याच्या डोंगरात जा, गाव गोळा करा, पावसाचं किती पाणी आलं आणि आपण उपसतो किती याचा हिशेब फळ्यावर मांडा, मग बंधारा कुठं घालायचा, तळं कुठं खोदायचं, त्यावर भांडणं. सगळ्या गावांत एकच घोडं अडतं. बंधारा सगळ्यांना हवा असतो आणि तो दुसऱ्याच्या वावरात हवा असतो. अशा वेळी मी उभी राहते आणि फार छान बोलते. पाणी जमिनीखाली हद्द ओळखत नाही वगैरे. बायका माना डोलावतात. एका म्हाताऱ्यानं तर एकदा दोन्ही हात जोडले होते मला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे तू असतीस तर तिथल्या तिथे म्हणाली असतीस.

कारण मागच्या उन्हाळ्यात तो प्रकल्प आपल्याच गावात आला. माझंच गाव, म्हणून ऑफिसनं दुसऱ्यांना नेमलं, ते बरंच केलं. त्यांचा इंजिनीअर डोंगरापासून नाल्यापर्यंत दोन दिवस उन्हात फिरला आणि ज्या जागेवर त्यानं बोट ठेवलं ते आपलं खालचं वावर निघालं. डोंगराचं सगळं पाणी तिथूनच नाल्याला लागतं, हे त्यानं शोधून काढलं. आपल्या घरात ते प्रत्येकाला माहीत होतं, कारण दर पावसाळ्यात तिथला बांध फुटायचा आणि तू दर पावसाळ्यात तोच बांध घालायचीस. तिथं तळं करायचं, पण प्लास्टिकचा कागद न अंथरता. पाणी साठेल, मुरेल आणि नाल्याच्या कडेनं खालच्या वस्तीच्या विहिरीला लागेल. वस्तीत होळीनंतर टँकर येतो, अजूनही येतो. तुझ्या वेळी बायका हंडे घेऊन रांगेत असायच्या, आता निळे ड्रम असतात, एवढीच सुधारणा.

तुझ्यामागे ते वावर आम्हा दोघांच्या नावावर लागलं. धाकट्यानं इतकी वर्षं कसलं, मी कधी तोंड उघडलं नाही. त्यालाही तिथं तळंच करायचं होतं, पण शेततळं, कागद टाकलेलं. पावसाळ्यात विहीर भरलेली असताना उपसून तळ्यात घ्यायचं आणि उन्हाळ्यात कांद्याला वापरायचं. अशी तळी गावात आता जागोजाग झालीत. ती भरायला सगळे एकदम उपसा करतात आणि मग आजूबाजूच्या विहिरी लवकर तळ दाखवतात, हे मी फळ्यावर खडूनं काढून दाखवत असते. पण तो काही चुकीचं बोलत नव्हता, आई. त्याची वरची विहीर होळीलाच तळ दाखवते. पात हिरवी असताना पाणी संपलं म्हणजे काय होतं ते मी त्या दुपारी डोळ्यांनी पाहिलंय. तो नाशिकला आला, माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, ताई, हक्कसोड करून दे, बहिणी भावासाठी करतातच की. मी भाजी परतत राहिले. मग त्यानं तुझंच वाक्य काढलं. ते त्याला मीच सांगितलं होतं, तू गेलीस तेव्हा, रडता रडता.

"आई तुझ्यादेखत बोलली ना, खालच्या वावरावर पाणी सोडलं म्हणून? मंग ते तुलाच सांगितलं तिनं, ताई. तू पन सोड म्हणून."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. हा अर्थ माझ्या कधी मनातच आला नव्हता. तू तुझ्या भावासाठी माहेरच्या जमिनीवर सही केली होतीस, ते मला माहीत आहे. मामानं त्या वर्षी तुला हिरवं लुगडं घेतलं आणि तू ते सगळ्यांना दाखवत फिरलीस. तेव्हा तू खुश होतीस की नव्हतीस? मला वाटायचं खुश होतीस. आता त्याचीही खात्री वाटेना. त्याला म्हटलं, विचार करते. तो जेवला, ताकाची वाटी दोनदा घेतली आणि रागावला नसल्यासारखा गेला.

मग मी वस्तीवर गेले, मावशीकडे. तीच, तुझ्या जोडीनं कांदे लावायला यायची ती. तुम्ही दोघी एका वाफ्यात वाकलेल्या असायच्या आणि सगळ्या गावाची उणीदुणी निघायची. आता तिला ऐकायला कमी येतं, पण स्वतःला हवं ते बरोबर येतं. विहाराच्या ओट्यावर बसली होती, मला बघून आधी माझ्या केसांच्या रंगावर बोलली, मग चहा सांगितला. मी सरळ विचारलं, आई तुझ्याशी त्या वावराबद्दल काही बोलली होती का. ती म्हणाली, बोलली होती तर, लाख वेळा. त्या साली वस्तीच्या विहिरीत दगड दिसत होते. तू तुझ्या कांद्याचं पाणी तोडलंस, पाटाच्या शेवटी बांध मोडून ते नाल्यात घेतलंस, ते वस्तीच्या विहिरीकडे वाहत जायचं. कितीतरी दिवस. म्हणून पाट ओला आणि वाफे कोरडे. आई, तुला भ्रम बिम काही झाला नव्हता.

मी विचारलं, मग वावर दिलं म्हणाली का ती तुम्हाला. मावशीनं चहाची बशी खाली ठेवली. वस्तीत तर सगळे तसंच धरून चालले होते, तुमच्या आईनं ते वावर आम्हाला सोडलं होतं, असं माझ्या तोंडावर बोलून दाखवत होते. तिला हो म्हणणं सोपं होतं.

"दिलं नाय म्हणली. पाणी सोडलं म्हणली. आता येक डाव सोडलं का कायमचं, ते मी नाय इचारलं. पाणी येत असल्यावर कोन इचारतं, बाई?"

घरी येताना बसमध्ये मी सगळे अर्थ मांडून बघितले. माझं कामच ते. पाणी कमी असलं की शहाणा शेतकरी निम्म्या पिकाची आशा सोडतो आणि निम्मं जगवतो. तू तेवढंच म्हणाली असशील, खालचा कांदा गेला समज, आता त्याचा विचार करू नको. किंवा वस्तीला पाणी दिलं म्हणालीस. किंवा वावरच दिलं म्हणालीस. किंवा मला सांगितलंस की भावाच्या आड येऊ नको. चारही मला पटत होते, आणि एकेक धरला की बाकीचे तीन रुसत होते. चांदवड कधी मागं पडलं तेही कळलं नाही.

मी लहान असताना तू मला पहिल्यांदा दारं धरायला लावलंस, ते आठवतं का तुला? एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं, एवढंच काम. मी बांधावर बसून चिंचा खात होते. पाणी वाफा फोडून शेजारच्या हरभऱ्यात गेलं आणि मला पत्ता नाही. तू आलीस, मला हाताला धरून उठवलंस आणि म्हणालीस, "पाण्याला तोंड नाय गं, ते सांगत नाय कुठं चाललंय. बघावं लागतं." दणका बसेल वाटलं होतं, बसला नाही. तुझा आवाजच असा होता की दणका परवडला असता. आणि पुढच्या बाजारी लोहाराकडून माझ्या मापाचं फावडं करून आणलंस, आखूड दांड्याचं. ते अजून आहे, माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत. त्यानं मी तुळशीची माती उकरते. शेजारीण विचारते, हे कसलं खेळणं.

तळ्याची बैठक विहाराच्या ओट्यावरच झाली. मी खातेदार म्हणून बसले होते, सतरंजीवर, बायकांत. धाकटा समोर, खांबाला टेकून. वस्ती सगळी लोटलेली. बोलायचं काय ते मी गाडीतच जुळवून ठेवलं होतं, माझ्या नेहमीच्या भाषेत, सामूहिक संपत्ती वगैरे. इंजिनीअरनं विचारलं, खातेदारांचं काय म्हणणं आहे. मी उभी राहिले, धाकट्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते असं, "खालच्या वावरावर मी पाणी सोडलं."

तू हसशील. धाकट्यानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि पाय लांब केले. बायकांमधून मावशीनं माझा हात धरून दाबला. दोन्हीकडचे खुश. सगळ्या गावाला एकाच वाक्यात आनंद देणारी मी पहिलीच असेन. लिहून घेणारा पोरगेला सहकारी तेवढा गोंधळला. त्याचं पेन थांबलं. तो हळूच म्हणाला, मॅडम, म्हणजे नक्की काय लिहू?

त्यानं विचारलं नसतं तर किती बरं झालं असतं. पण विचारलं, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, माझ्या वाटणीचं तळ्याला. कागद न टाकता. धाकट्यानं पाय जवळ घेतले. काही ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मंग तसं सरळ बोलायचं ना, ताई." आणि चपला शोधून निघून गेला.

त्यानं त्याची वाटणी मोजून घेतली, त्याचा हक्कच होता. आता आपल्या खालच्या वावरात दोन तळी आहेत, मध्ये एक बांध. त्याच्यात काळा कागद आणि भोवती तारेचं कुंपण, माझं नुसतं मातीचं. पावसाळ्यात दोन्ही भरली. थंडी सरता सरता माझं आटलं, त्याचं काठोकाठ. पारावरची मंडळी मला म्हणाली, ताई, तुमचं तळं फुटकं निघालं. मी हसले. मुरण्यासाठीच असतं ते, असं मी इतर गावांत सांगते, इथे सांगता आलं नाही. वस्तीच्या विहिरीला या उन्हाळ्यात पाणी जरा जास्त टिकलं, होळी होऊन गेली तरी टँकर लागला नाही. पण ते तळ्यामुळे की गेल्या साली पाऊस बरा झाला म्हणून, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. एका वर्षात काही कळत नाही, हेही मीच शिकवते.

धाकटा भाऊबीजेला आला. मी ओवाळलं, त्यानं साडी दिली, पोरीशी गप्पा मारल्या. माझ्याशी बोलला ते हवापाण्याचं, तेही पाणी टाळून. आई, मला तो हवाय. तो लहान असताना तू वावरात असायचीस आणि तो माझ्या कमरेवर असायचा. रात्रंदिवस मनात हेच येतं, की मी तुझा शब्द पाळला की माझ्या नोकरीचा? उद्या दुसऱ्या गावात फळ्यापुढे उभं राहायला तोंड असावं म्हणून तर नाही ना मी ते वावर तळ्याला दिलं? आणि तू भावासाठी सोडलंस ते जर तुला बरोबर वाटत असेल, तर मग मी कुणाची लेक?

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. सकाळची वेळ, मी डबा भरत होते. आधी नेहमीचं, पोरीची परीक्षा, तिकडचं ऊन, कांद्याचा भाव. वस्तीच्या विहिरीचा तळ दिसायला लागलाय, हेही त्यानं सहज सांगितल्यासारखं सांगितलं. मग थांबला. पलीकडे मोटरचा आवाज येत होता, किंवा मला तसं वाटलं. आणि म्हणाला, "ताई, खालच्या वावरावर पाणी सोडलंय मी."

तळ्यांच्या कडेला उरलेल्या पट्टीत त्यानं गुरांसाठी मका केलाय, त्याला सोडलं असेल. कागदाच्या तळ्यातून माझ्या तळ्यात सोडलं असेल, वस्तीसाठी. की त्यानंही त्या वावराचा नाद सोडला, आणि माझ्यावरचा रागही? तू मला शिकवलंस, पाणी कुठं चाललंय ते बघावं लागतं. रविवारी निघाले असते तर जेवायच्या वेळेला वावरात पोचले असते आणि एका नजरेत कळलं असतं. नुसतं फोनवर विचारलं असतं तरी कळलं असतं.

मी म्हटलं, बरं.

रविवारी गेले नाही. डब्याला उशीर होत होता म्हणून विचारलं नाही, असं मी घरात सांगितलं. तुला खोटं कशाला सांगू, वेळ होता. मावशी म्हणाली तसं, पाणी येत असल्यावर कोण विचारतं.